नवे गीत, जुने श्रोते

यू टू या आयरिश बँडचे चार चाहते एकत्र जमले की थोड्याच वेळात त्यांचे दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, बँडने मैफलीत यावे, 'द जोशुआ ट्री' आणि 'आख्टुंग बेबी' या संग्रहांतील गाणी वाजवावीत, लोकांना मनसोक्त गाऊ द्यावे आणि निरोप घ्यावा. नव्या गाण्यांचा हट्ट धरू नये. दुसरा तट म्हणतो की, जो कलावंत आपल्याच तारुण्याची नक्कल करीत राहतो तो कलावंत म्हणून संपला; म्हणून त्याने नवेच गावे, मग ते कोणास रुचो वा न रुचो. वाद टिपेला पोचला की एखादा चाहता कुठल्याशा जुन्या मैफलीतील गाण्यांची यादी क्रमवार म्हणून दाखवतो (यू टूचे चाहते अशा याद्या पंचांगासारख्या जपून ठेवतात) आणि मग कोणते गाणे कोणत्या शहरात गाळले गेले यावर तासभर सहज निघून जातो.

गाणे आवडले तर ऐकावे, न आवडले तर ऐकू नये. त्यात समीक्षकाने कशाला पडावे, असे कोणी विचारील. परंतु या करमणुकीच्या वादात आम्हांस एक गंभीर प्रश्न दडलेला दिसतो. गाणे एकदा लोकांच्या कंठात रुजले की ते कोणाचे? रचणाऱ्याचे, की गाणाऱ्या समुदायाचे? आणि समुदायाची मिठी जर इतकी घट्ट झाली की तीत कलावंताला श्वासही घेता येऊ नये, तर त्या प्रेमाला काय म्हणावे? आमच्या धर्मग्रामांत 'बँड' म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतील क्लॅरिओनेट आणि ट्रम्पेट उभे राहतात, हे खरे. पण युवकांच्या मिस्सेसाठी गिटार हाती घेणारी जी पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे, तिच्या कपाटांत यू टूच्या कॅसेटी अजूनही सापडतील. तिला हा प्रश्न परका नाही. रविवारी गायकवृंदाने नवी चाल धरली की देवळातले निम्मे ओठ मिटतात, हा अनुभव तिने गाताना आणि ऐकताना, दोन्ही बाजूंनी घेतलेला आहे.

ज्यांना या मंडळींची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. डब्लिन शहरातील माउंट टेंपल या शाळेच्या सूचनाफलकावर १९७६ साली लॅरी मुलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने, आपणांस बँड काढावयाचा आहे, अशी चिठ्ठी लावली. त्यातून जमलेल्या मुलांपैकी गायक बोनो, गिटारवादक एज, बास गिटार वाजवणारा ॲडम क्लेटन आणि ड्रम्सवर स्वतः लॅरी, असे चौघे १९७८ पासून एकत्र आहेत. इतकी दीर्घ सोबत या व्यवसायात विरळाच. बोनोचे वडील कॅथलिक आणि आई अँग्लिकन परंपरेतील चर्च ऑफ आयर्लंडची. त्या काळच्या आयर्लंडमध्ये अशा घरात वाढणे म्हणजे दोन मोहल्ल्यांच्या सीमेवर वाढणे होते. बोनो, एज आणि लॅरी हे तिघे तरुणपणी 'शालोम' नावाच्या एका ख्रिस्ती प्रार्थनागटात जात असत. रॉक संगीत आणि ख्रिस्ती जीवन यांचा मेळ बसतो काय, या शंकेने ग्रासून १९८१ च्या सुमारास एजने बँड सोडण्याचाही विचार केला होता. ती शंका त्यांच्या संगीतातून कधीच पुरती गेली नाही, आणि आमच्या मते तेच त्या संगीताचे भाग्य होय. गरीब देशांच्या कर्जमाफीच्या कार्यासाठी बोनो १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटला, तेव्हा पोपमहोदयांनी त्याचा गॉगल डोळ्यांवर चढवून पाहिला, ही हकीकत त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. तिच्या आधारे त्याच्या गाण्यांना प्रमाणपत्र देण्याचा मोह मात्र आम्ही आवरतो. गाण्याची परीक्षा गाण्यातच झाली पाहिजे.

आणि यू टूच्या गाण्याची परीक्षा मुद्रिकेवर होत नाही, व्यासपीठावर होते. या बँडची बहुतेक थोर गाणी स्टुडिओतून अर्धवट बाहेर पडली आणि श्रोत्यांपुढे पूर्ण झाली. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' हे गाणे ध्वनिमुद्रित करताना इतका वेळ खर्ची पडला की, निर्माता ब्रायन ईनो वैतागून त्याची फीतच पुसून टाकावयास निघाला होता. सहकाऱ्याने त्यास अडवले म्हणून ते वाचले. मुद्रिकेवर ते ऐकताना ती ओढाताण आजही जाणवते. मैफलीत मात्र ऑर्गनसारखे स्वर आधी काळोखात पसरू लागतात, त्यांत एजच्या गिटारीचा झरझरता नाद मिसळतो, आणि प्रकाश उजळताच हजारो माणसांचा जो एकच हुंकार उठतो, तो त्या गाण्याचा उरलेला अर्धा भाग असतो. 'बॅड' या गाण्याचेही तसेच. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये 'लाइव्ह एड'च्या कार्यक्रमात ते गाणे सुमारे बारा मिनिटे लांबले. बोनो व्यासपीठ सोडून खाली उतरला, गर्दीतील एका मुलीबरोबर नाचला, आणि ठरलेले तिसरे गाणे वाजवावयाचे राहूनच गेले. हा घोटाळा म्हणजे आपल्या बँडची नाचक्की, असे त्या क्षणी त्याच्या सहकाऱ्यांना वाटले. जगाने यू टूला खऱ्या अर्थाने ओळखले ते त्याच बारा मिनिटांत.

याहून बोलके उदाहरण साराजेव्होचे आहे. बोस्नियातील युद्ध थांबून दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा २३ सप्टेंबर १९९७ रोजी यू टूने तेथील कोशेव्हो स्टेडियममध्ये मैफल केली. ज्या 'पॉप' संग्रहाच्या निमित्ताने हा दौरा निघाला होता तो घाईने हातावेगळा केलेला, दौऱ्याच्या तारखा आधी ठरून गेल्यामुळे अपुरा राहिलेला असा होता. त्यात त्या रात्री बोनोचा आवाजच बसला. जेथे त्याला गाता येईना तेथे श्रोत्यांनी गाणे उचलून पुढे नेले. संगीताच्या काटेकोर कसोटीवर ती मैफल सदोष ठरेल. तिच्या तोडीची दुसरी मैफल आम्हांस सांगता येणार नाही.

या ठिकाणी '४०' या गाण्याविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या वाचकांना ते जवळचे वाटेल आणि आमचा मुद्दाही त्याच्याच आधारे स्पष्ट होईल. १९८३ सालच्या 'वॉर' या संग्रहाचे काम संपत आले, स्टुडिओची मुदतही संपत आली, ॲडम निघून गेला होता, आणि शेवटच्या गाण्याची जागा रिकामी होती. उरलेल्यांनी एक अर्धवट पडलेली चाल घेतली, बासही एजनेच वाजवला, आणि शब्दांसाठी बोनोने पवित्र शास्त्र उघडून स्तोत्रसंहितेतील चाळिसावे स्तोत्र पुढ्यात घेतले. ध्रुवपदातील आर्त प्रश्न मात्र त्या स्तोत्रातील नाही. तो सहाव्या स्तोत्राशी नाते सांगतो, आणि त्याच संग्रहाच्या पहिल्या गाण्यात, 'संडे ब्लडी संडे'मध्ये, तो एकदा येऊन गेलेला आहे. उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराच्या स्मृतीने संग्रह सुरू होतो आणि स्तोत्राने संपतो. घाईगर्दीत झालेल्या कामाला अशी सुसंगती लाभावी, हे आम्हांस विलक्षण वाटते.

पुढे कित्येक वर्षे यू टूच्या मैफलींची अखेर याच गाण्याने होत असे. ॲडम आणि एज आपापली वाद्ये अदलाबदल करीत. गाणे संपत आले की आधी बोनो आत जाई, मग एकेक जण. शेवटी लॅरी ड्रम्सवर उरे, आणि तोही उठे. व्यासपीठ रिकामे होई, पण गाणे थांबत नसे. श्रोते ते ध्रुवपद गातच राहत. बाहेरच्या रस्त्यावर, वाहनतळावर, रेल्वेच्या फलाटावर. ज्यांनी कधी स्तोत्रसंहिता उघडली नसेल अशी मुले एका प्राचीन इब्री प्रार्थनेचा सूर धरून घरी जात. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही लोकांनी मोठ्याने म्हणावे यासाठीच. जे कंठातून कंठात गेले ते टिकले.

आता गंमत अशी की, त्या चाळिसाव्या स्तोत्राचा विषयच नव्या गीताचा आहे. गर्तेतून वर काढलेल्या माणसाच्या तोंडी देव जुने नव्हे, नवे गाणे घालतो. जुन्या गाण्यांसाठी हटून बसलेला चाहता चाळीस वर्षे ज्या गाण्याचा आग्रह धरतो आहे, ते गाणे त्याच्या आग्रहाविरुद्धच साक्ष देते! वादात हा मुद्दा कोणी काढलेला आमच्या कानावर नाही.

येथून पुढे आम्ही २०१४ ते २०२४ या दहा वर्षांपुरतेच बोलू. कारण दोन्ही तटांचे खरे भांडण याच दशकाविषयी आहे.

९ सप्टेंबर २०१४ रोजी 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा संग्रह प्रसिद्ध झाला. प्रसिद्ध झाला म्हणण्यापेक्षा वाटला गेला असे म्हणावे. ॲपल कंपनीने आपल्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या संगीतसंग्रहात तो परस्पर टाकून दिला. लोक इतके चिडले की, नको असलेला संग्रह काढून टाकण्याची सोय कंपनीला करून द्यावी लागली, आणि बोनोने जाहीर क्षमा मागितली. या प्रकाराची थट्टा पुष्कळ झाली. त्यातील शोकांतिका फारशी कोणी पाहिली नाही. हा बँडचा सर्वांत खाजगी संग्रह होता. बोनो चौदा वर्षांचा असताना, १९७४ साली, आजोबांच्या अंत्यविधीच्या वेळी त्याची आई कोसळली आणि दगावली. तिच्या नावाचे 'आयरिस' हे गाणे त्यात आहे. लहानपणीचा सीडरवुड रस्ता त्यात आहे. १७ मे १९७४ रोजी डब्लिनमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांवरील 'रेज्ड बाय वुल्व्ज' त्यात आहे. कुजबुजत्या स्वरात सांगावयाची गोष्ट ध्वनिक्षेपकावरून गावभर ओरडून सांगावी, तसे झाले. ज्या बँडने प्रत्येक श्रोता शहरोशहरी फिरून मिळवला, त्याने या एका प्रसंगी श्रोत्याने हात पुढे करण्याची वाट पाहिली नाही.

या संग्रहात दुसराही दोष आहे, आणि तो संगीताचा आहे. एकामागून एक निर्माते बदलत गेल्याने गाण्यांवर हात फिरत राहिले. खडबडीतपणा घासून नाहीसा झाला. एजच्या गिटारीत जी जागा, जो मोकळा अवकाश असे, तो भरून टाकण्यात आला. नभोवाणीवर आजच्या पोरांच्या गाण्यांशेजारी आपले गाणे जुनाट वाटू नये, ही चिंता त्यांत ऐकू येते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मुलाचा सदरा घालावा तसा हा प्रकार. म्हणूनच जुन्या गाण्यांचा कैवारी चाहता 'नवे काही बरे नाही' म्हणतो तेव्हा तो सर्वस्वी चुकत नाही.

पण तो २०१५ च्या दौऱ्याला गेला असता तर त्यास आपले मत थोडे मुरडावे लागले असते. सभागृहाच्या मधोमध लांबलचक व्यासपीठ आणि त्यावर टांगलेला, आत माणसाला चालता येईल असा पडदा, अशी ती मांडणी होती. सीडरवुड रस्त्याचे चित्र पडद्यावर सरकू लागे आणि बोनो त्या चित्राच्या पोटातून चालत जाई. आपल्याच बालपणातून वाट काढीत गेल्यासारखा. मुद्रिकेवर गुदमरलेली गाणी तेथे मोकळी झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुने गाणेही नव्याच्या संगतीने बदलले. लॅरी एकच छोटा ढोल गळ्यात अडकवून लष्करी चालीने पुढे येई, 'संडे ब्लडी संडे' संथ आणि उघडे-बोडके वाजे, आणि त्याला जोडूनच 'रेज्ड बाय वुल्व्ज' येई. एका गाण्यात कॅथलिक निदर्शकांवरील गोळ्या, दुसऱ्यात डब्लिनच्या रस्त्यावरील बॉम्ब. दोन्ही घटनांतील मृतांना शेजारी बसविण्याचे काम कोणत्याही एका गाण्याला जमले नसते. त्याच दौऱ्यात १३ नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांमुळे पॅरिसचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. डिसेंबरमध्ये बँड परतला आणि ७ तारखेच्या मैफलीअखेर त्याने आपले व्यासपीठ 'ईगल्स ऑफ डेथ मेटल' या बँडच्या हवाली केले. बाटाक्लान सभागृहात हल्ला झाला तेव्हा जो बँड वाजवत होता, तोच हा.

२०१७ साली 'द जोशुआ ट्री' या संग्रहास तीस वर्षे झाली आणि तो आरंभापासून अखेरपर्यंत वाजविण्याचा दौरा निघाला. येथे पहिल्या तटाची सरशी झाली असे दिसते. २०१९ मध्ये हाच दौरा आपल्या बाजूस आला आणि १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्याची सांगता झाली. यू टूचा भारतातील तो पहिलाच कार्यक्रम. मुंबई-ठाणे-वसईच्या आणि गोव्याच्या रसिकांना त्यासाठी लंडन वा सिंगापूर गाठावे लागले नाही, ही थोडी गोष्ट नव्हे. या दौऱ्याचा पहिला भाग प्रेक्षकांत शिरलेल्या लहान व्यासपीठावर, मागचा अवाढव्य पडदा काळोखात ठेवून होत असे. चार माणसे, चार वाद्ये. आमच्या मते तोच भाग सर्वांत सकस होता. मग सुमारे दोनशे फूट रुंदीच्या पडद्यावर छायाचित्रकार आंटोन कोर्बेन याची वाळवंटी दृश्ये उजळत आणि बँड त्यांपुढे मुंग्यांएवढा दिसू लागे.

तरीही या 'जुन्या' दौऱ्यात एक नवल होते, जे दोन्ही तटांच्या नजरेतून निसटले. संग्रहातील पहिली तीन गाणी जगाला पाठ आहेत. पुढची तशी नाहीत. 'रेड हिल मायनिंग टाऊन' हे खाणकामगारांच्या संपावरील गाणे १९८७ पासून तीस वर्षे एकदाही व्यासपीठावर वाजले नव्हते. ते २०१७ मध्ये प्रथमच वाजले. लॅटिन अमेरिकेतील लष्करी राजवटींत बेपत्ता झालेल्या तरुणांच्या मातांवरील 'मदर्स ऑफ द डिसअपीअर्ड' हे शेवटचे गाणेही अनेकांनी तेथेच पहिल्यांदा नीट ऐकले. जुन्या घरात राहूनही ज्या खोलीचे दार कधी उघडले नव्हते तेथे कोणी दिवा लावावा, तसे हे झाले. तेव्हा जुने कोणते आणि नवे कोणते, हे तारखेवरून ठरत नाही. ए. आर. रहमान यांच्यासमवेत बँडने रचलेले 'अहिंसा' हे गाणे नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तमिळ 'तिरुक्कुरळ'मधील वचने रहमान यांच्या मुलींच्या स्वरांत त्यात येतात, तेवढा भाग सुरेख. बाकी गाणे हेतूने मोठे आणि चालीने बेताचे आहे. मैफलीत ते पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखे गेले.

जोशुआ ट्रीच्या या दोन दौऱ्यांच्या मध्ये, १ डिसेंबर २०१७ रोजी, 'साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स' प्रसिद्ध झाला. हा संग्रह आम्हांस त्याच्या लौकिकापेक्षा पुष्कळ थोर वाटतो. २०१६ च्या अखेरीस बोनोवर हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. मृत्यू उंबऱ्याशी येऊन गेला. आपण मेलो आहोत असे समजून लिहावे, हा आयरिश कवी ब्रेंडन केनेली यांचा सल्ला त्याने मनावर घेतला होता, आणि या संग्रहातील बरीच गाणी पत्नीला, मुलांना, मित्रांना, श्रोत्यांना लिहिलेली पत्रे आहेत. येथेही निर्मात्यांची गर्दी आहे, येथेही काही गाणी उगाच तरुण होऊ पाहतात. पण 'द लिटल थिंग्ज दॅट गिव्ह यू अवे' या गाण्यात धीर सुटलेला माणूस आपला धीर सुटला आहे हे लपवीत नाही, आणि एजची गिटार कितीतरी वर्षांनी पुन्हा एकटी, मोकळ्या आकाशाखाली वाजते. ते २०१७ च्या जोशुआ ट्री दौऱ्यातच, संग्रह बाहेर येण्याआधी, काही ठिकाणी अखेरचे गाणे म्हणून वाजविले गेले होते. जुन्या गाण्यांवर पोट भरलेल्या प्रेक्षकांपुढे, अपरिचित शब्दांत, मंद लयीत. नवे गाणे रुजविण्याची याहून प्रतिकूल वेळ कल्पिता येणार नाही.

मग २०१८ चा दौरा आला आणि बँडने धाडस केले: जोशुआ ट्रीमधील गाणी ठरवून बाजूला ठेवली. तिकीट काढून आलेल्या चाहत्यांना, जेवणाच्या पंगतीत वरण-भातच वाढला नाही, असे वाटले असल्यास नवल नाही. तक्रारी झाल्या. आमचा कौल मात्र या दौऱ्याच्या बाजूने आहे. त्याची अखेर '१३' या क्रमांकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शांत गाण्याने होत असे. सीडरवुड रस्त्यावरील घराची एक छोटी प्रतिकृती समोर ठेवलेली असे. बोनो तिचे छप्पर उघडून आतला एक पेटता दिवा बाहेर काढी, तो हवेत झोके घेत राही, आणि बोनो प्रेक्षकांमधून चालत दाराबाहेर निघून जाई. '४०' गाताना बँड निघून जाई आणि लोक गात राहत. येथे लोक गात नसत. त्यांना हे गाणे अजून पाठ नव्हते. ते उभे राहून त्या झोके घेणाऱ्या दिव्याकडे पाहत. ही शांतता अपयशाची होती असे काही चाहते म्हणतात. आम्हांस ती ऐकण्याची शांतता वाटते. पण ती कंठात उतरेपर्यंत जो काळ द्यावा लागतो, तो बँडनेही दिला नाही. पुढच्याच वर्षी तो जोशुआ ट्रीकडे परतला.

बँडवरचा आमचा खरा आक्षेप हाच आहे. श्रोत्यांनी नव्या गाण्यांना वेळ दिला नाही, त्याआधी बँडने स्वतःच धीर सोडला. १७ मार्च २०२३ रोजी 'साँग्ज ऑफ सरेंडर' आला तो चाळीस जुन्या गाण्यांची पुनर्मांडणी घेऊन. वय झालेल्या आवाजाने आपलीच गाणी खालच्या पट्टीत, सावकाश म्हणावीत, यात गैर काही नाही. भीमसेन जोशींचे तरुणपणीचे आणि उतारवयातील अभंग आपण दोन्ही आवडीने ऐकतोच. काही गाण्यांना हा बदल मानवला. 'वॉक ऑन'चे उदाहरण पाहावे. २००० साली हे गाणे म्यानमारच्या नजरकैदेतील नेत्या आँग सान सू ची यांना उद्देशून होते. रोहिंग्यांच्या हालअपेष्टांबाबतच्या त्यांच्या मौनानंतर ते गाणे कोणत्या तोंडाने गावे असा प्रश्न उभा राहिला. नव्या रूपात ते युक्रेनच्या लोकांना उद्देशून आले. जुने गाणे तसेच्या तसे जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी याचा विचार करावा: कधी कधी गाणे न बदलणे हाच अप्रामाणिकपणा असतो. परंतु चाळीस? त्यांतील निम्म्यांना बदलाचे कारणच सापडत नाही. शब्द उगाच फिरविले आहेत, आणि जेथे पूर्वी वादळ होते तेथे बैठकीतला पियानो आहे.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरपासून २ मार्च २०२४ पर्यंत लास व्हेगास येथील 'स्फीअर' या गोलाकार सभागृहात चाळीस मैफली झाल्या. आधार पुन्हा १९९१ च्या 'आख्टुंग बेबी'चा. प्रेक्षकांच्या डोक्यावरून पसरलेला सुमारे १ लाख ६० हजार चौरस फुटांचा पडदा. आकाश, वाळवंट, पशुपक्षी सारे अंगावर येणारे. शस्त्रक्रियेतून सावरत असलेला लॅरी नव्हता. त्याच्या जागी ब्राम व्हान डेन बर्ग याने ड्रम्स वाजविले, आणि चांगले वाजविले. तरी ज्याच्या चिठ्ठीने बँड जमला तोच नसावा, हे डोळ्यांना खुपत राही. तंत्र थक्क करणारे होते, ध्वनी निर्मळ होता, याबद्दल दुमत नाही. पण मान वर करून छताकडे पाहणारा श्रोता गात नाही. यू टूच्या मैफलीतील अर्धे गाणे ज्या कंठातून यावयाचे तोच कंठ तेथे 'अहाहा' म्हणण्यात गुंतला होता. मधल्या भागात पडदा शांत करून बँड साधेपणाने वाजवू लागे तेव्हा लोकांना आपला आवाज परत सापडे. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री, इस्राएलमधील संगीतमेळ्यावरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बोनोने 'प्राइड' या गाण्याचे शब्द मारल्या गेलेल्या त्या तरुण श्रोत्यांसाठी बदलले. त्या क्षणी पडद्यावर काय होते, हे कोणाच्या ध्यानात राहिले असेल असे वाटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वीस वर्षांपूर्वीच्या सत्रांतील शिल्लक गाण्यांचा संग्रह आला. त्याविषयी शिल्लक म्हणूनच बोलावे.

तेव्हा दोन्ही तटांपैकी कोणाची बाजू घ्यावी? जुन्या गाण्यांचे कैवारी म्हणतात की आम्ही गातो तेव्हाच मैफल घडते. हे खरेच आहे. परंतु आज त्यांना पाठ असलेले प्रत्येक गाणे कोणे एके काळी अपरिचित होते, आणि कोणीतरी ते दहा वेळा धीराने ऐकून घेतले म्हणून पाठ झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन गायन मागे पडून मराठी गीते आली तेव्हा कुरकुर करणाऱ्या आजीबाई आमच्या धर्मग्रामांत थोड्या नव्हत्या. आज त्यांच्याच नातवंडांना ती मराठी गीते 'जुनी आणि खरी' वाटतात. नव्याच्या कैवाऱ्यांसही आम्ही विचारतो: तुम्ही नव्याची बाजू घेता, पण 'द लिटल थिंग्ज' किती वेळा ऐकले? वादापुरते एकदा की दोनदा? आमच्या परिचयाच्या एका गायकवृंदाने 'लव्ह इज बिगर दॅन एनीथिंग इन इट्स वे' हे याच संग्रहातील गाणे युवकांच्या संमेलनासाठी बसविले, तेव्हा पहिल्या तालमीत तिघेजण गात होते. चौथ्या तालमीत सारे गात होते, आणि त्यांपैकी निम्म्यांना ते कोणत्या बँडचे, हे ठाऊकही नव्हते.